उन्हाचा भाडेपट्टा

वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ च्या सप्टेंबरात तीन मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मधला राज्यातला हा पहिला प्रकल्प. राजस्थानातल्या भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. म्हणजे धोंदलगावासारखे साडेसातशे प्रकल्प एकट्या भडल्यात मावतील. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतो तो भडल्याचा, ड्रोनमधून काढलेला, क्षितिजापर्यंत निळा. पण मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार चालणार आहे ती धोंदलगावाच्या जातीच्या प्रकल्पावर, आणि त्याच जातीच्या प्रकल्पासाठी कुणीतरी एक दिवस त्याच्या बांधावर येऊन सातबारा मागणार आहे. म्हणून हा आढावा: जमिनीवर उभा राहणारा सौर प्रकल्प म्हणजे नेमकं काय, तो उभारणारा ‘डेव्हलपर’ कोण असतो, त्याचा पैसा कुठून येऊन कुठे जातो आणि ज्याच्या रानात हे सगळं होतं त्याच्या पदरात काय पडतं.

आधी प्रकल्प बघू. बघायला तो कंटाळवाणाच असतो. धूर नाही, घरघर नाही, फिरणारं पातं नाही. लोखंडी खांबांच्या रांगा आणि त्यांवर दक्षिणेकडे तोंड करून कललेली पॅनेलं. गावाकडे त्यांना ‘प्लेटा’ म्हणतात, आणि शब्द चांगला आहे, तोच वापरू. आजच्या एका प्लेटेची क्षमता साधारण साडेपाचशे वॉट असते. पंचवीस-तीस प्लेटा एकापुढे एक जोडल्या की एक ‘स्ट्रिंग’ होते आणि तिचा दाब हजार-दीड हजार व्होल्टपर्यंत चढतो. ही वीज डीसी असते. इन्व्हर्टर तिची एसी करतो, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो आणि तार सबस्टेशनला जाते. एका मेगावॉटला चारेक एकर जागा लागते. महाराष्ट्राच्या उन्हात हा एक मेगावॉट वर्षाला सोळा-सतरा लाख युनिट देतो. कोळशाचा एक मेगावॉट बऱ्यापैकी चालला तर वर्षाला पंचावन्न-साठ लाख युनिट देतो. ‘अमुक हजार मेगावॉट सौर क्षमता उभी’ अशी बातमी वाचताना हा फरक मनात असू द्यावा. सौर मेगावॉट रात्री झोपतो आणि आषाढात डुलक्या घेतो.

ऊन कडक तितकी वीज जास्त, असं सगळ्यांना वाटतं. ते खरं नाही. प्लेटेची क्षमता मोजतात ती पंचवीस अंश तापमानाला. त्यापुढे प्रत्येक अंशाला तिची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. वैशाखात विदर्भात किंवा मराठवाड्यात प्लेट साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते, म्हणजे आठवा हिस्सा वीज नुसत्या उष्णतेत जाते. प्लेटांना मानवतात ते फेब्रुवारी-मार्चचे दिवस, आभाळ निरभ्र आणि हवेत थोडा गारवा असलेले. योगायोगाने रब्बीच्या शेवटच्या पाण्याचेही तेच दिवस.

दुसरी गोष्ट पायाची. राजस्थानच्या वाळूत खांब नुसता ठोकला तरी भागतं. दख्खनच्या पठारावर ते जमत नाही. खाली मुरूम किंवा पाषाण लागला की यंत्राने भोक पाडून काँक्रीट ओतावं लागतं. आणि काळी कसदार जमीन असेल तर निराळाच त्रास. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात पायाचं बोट जाईल एवढी भेगाळते आणि दरवर्षी खांबाला थोडं थोडं हलवत राहते. खांब कलला की चौकट ओढली जाते आणि काचेवर ताण येतो. म्हणून डेव्हलपरचा डोळा भरड, मुरमाड, हलक्या रानावर असतो. शेतकऱ्यालाही द्यायचं असतं ते तसलंच रान. इथवर दोघांचं जुळतं. पण गावातलं सगळ्यात हलकं रान म्हणजे बहुतेक वेळा गायरान, आणि तिथे जनावरं चरत असतात किंवा कुणाची तरी चूल त्यावर चालत असते. त्याकडे पुढे येऊ.

प्लेटा धुवाव्या लागतात. धुळीचा थर बसला की उत्पादन घटतं. एका प्लेटेला एक-दोन लिटर पाणी पुरतं, पण एका मेगावॉटला सव्वादोन-अडीच हजार प्लेटा असतात आणि महिन्यातून दोनदा तरी धुणं होतं. हिशेब केला तर मेगावॉटमागे महिन्याला एक टँकर. उसाच्या पाण्यापुढे हे काहीच नाही. पण एप्रिलमध्ये गावच टँकरवर असताना प्लेटांचा टँकर रस्त्याने गेला की लोक बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आणखी एका गोष्टीचा गावकऱ्यांना हमखास राग येतो. कुंपणापलीकडे तीन मेगावॉट वीज तयार होत असते आणि गावात लाईट गेलेली असते. यात लबाडी नाही. इन्व्हर्टर ग्रिडच्या तालावर चालतो. ग्रिड गेलं की त्याने एका क्षणात बंद पडायचं, असाच नियम आहे. नाही तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. पण हे गावात कुणी समजावून सांगत नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि खानदेशात ‘पाती ढग पळवतात’ अशी समजूत पसरली होती. प्लेटांबद्दलही तसं बोललं जातं. ढग पळवण्याइतकी ताकद दोघांतही नाही. पण ज्याच्याशी कुणी बोलत नाही तो आपली कारणं आपणच शोधतो.

आता डेव्हलपर. हा शब्द आपण बिल्डरच्या अर्थाने ऐकत आलो आहोत आणि तुलना अगदीच चुकीची नाही. तो प्लेटा बनवत नाही. त्या कारखान्यातून येतात. खांब तो रोवत नाही. त्यासाठी ठेकेदार असतो. प्रकल्प सुरू झाल्यावर धुण्या-पुसण्याचं, गवत काढण्याचं कामही बहुधा दुसऱ्याच कंपनीकडे जातं. चारातले तीन रुपये बँकेचे असतात. जमीन शेतकऱ्याची किंवा सरकारची आणि गिऱ्हाईक सरकारी वीजकंपनी. मग डेव्हलपरचं स्वतःचं काय? त्याच्याकडे करार असतो, इतक्या रुपयांना इतकी वर्षं वीज विकण्याचा. बहुतेक वेळा ही मुदत पंचवीस वर्षांची असते आणि दर ठरलेला असतो. त्या एका कागदावर बँक कर्ज देते, त्यावरच प्लेटा येतात आणि त्यावरच बांधावर माणूस येतो.

प्रत्येक प्रकल्पासाठी डेव्हलपर एक वेगळी छोटी कंपनी काढतो. एक प्रकल्प बुडाला तर दुसऱ्याला झळ लागू नये, हा त्यामागचा विचार, आणि बँकांनाही तेच हवं असतं. याचा अर्थ शेतकऱ्याने नीट लक्षात घ्यायला हवा. भाडेपट्ट्यावर सही असते ती बहुधा या छोट्या कंपनीची. फाटकावरच्या पाटीवर ज्या मोठ्या कंपनीचं नाव असतं तिची नव्हे. आणि या छोट्या कंपन्या विकल्या जातात, घाऊक विकल्या जातात. २०१६ मध्ये वेलस्पनचा अपारंपरिक ऊर्जेचा अख्खा व्यवसाय टाटा पॉवरने घेतला. २०२१ मध्ये सॉफ्टबँक आणि भारती यांच्या एसबी एनर्जीचे प्रकल्प अदानी ग्रीनकडे गेले. यात बेकायदा काही नाही, या धंद्याची रीतच ती आहे: करार मिळवायचा, प्रकल्प उभा करायचा, दोन-चार वर्षं चालवून दाखवायचा आणि विमा किंवा पेन्शनचा पैसा सांभाळणाऱ्या एखाद्या गुंतवणूकदाराला विकायचा. पंचवीस वर्षांत शेतकऱ्याची पिढी बदलते आणि भाडेकरूचा मालकही.

एका मेगावॉटचा ढोबळ हिशेब मांडून बघू. उभारणीला चार कोटींच्या आसपास. वर्षाला सतरा लाख युनिट, तीन रुपये दराने एक्कावन्न लाखांची विक्री. कर्ज तीन कोटी आणि व्याज नऊ टक्के धरलं तर पहिल्या वर्षाचं व्याजच सत्तावीस लाख. म्हणजे विक्रीचा निम्म्याहून जास्त भाग सावकाराकडे. कोळशाच्या वीजघराचा पैसा खाणीत जातो, सौर प्रकल्पाचा व्याजात जातो. म्हणून सौर विजेचा भाव पडला त्यात स्वस्त प्लेटांइतकाच स्वस्त कर्जाचा हात आहे. आणि जमीन? चार एकर, एकरी पन्नास हजार, म्हणजे दोन लाख. विक्रीच्या चार टक्के. जो घटक नसेल तर एक खांब उभा राहणार नाही, त्याचा वाटा शंभरात चार! या चार टक्क्यांतही घासाघीस करणारे डेव्हलपर आहेत. त्यातला अर्धा टक्का वाचवण्यासाठी ते गावाचं वैर पत्करतात, आणि मग रस्ता अडला, काम थांबलं म्हणून महिन्याचं सव्वादोन लाख व्याज भरत बसतात. हा हिशेब मला कधी कळलेला नाही.

भावाची गोष्ट थोडक्यात. राष्ट्रीय सौर अभियान ११ जानेवारी २०१० ला सुरू झालं, २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॉटचं उद्दिष्ट घेऊन. केंद्रीय वीज नियामक आयोगाने तेव्हा सौर विजेचा दर ठरवला होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. ही वीज श्रीमंतांचं खेळणं आहे, असं तेव्हा जाणकारही म्हणत. मग उलटे लिलाव सुरू झाले. जो कमीत कमी दर मागेल त्याला करार. वर्षभरात भाव साडेसात रुपयांपर्यंत आला. २०१५ मध्ये सरकारने उद्दिष्ट एक लाख मेगावॉट केलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवा प्रकल्पात पहिल्या वर्षाचा दर तीन रुपयांच्या खाली, २ रुपये ९७ पैशांवर गेला. तीन महिन्यांत भडल्यात २ रुपये ४४ पैसे झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. पुढे परदेशी प्लेटांवर एप्रिल २०२२ पासून चाळीस टक्के सीमाशुल्क लागलं, मान्यताप्राप्त उत्पादकांच्याच प्लेटा घेण्याची अट आली आणि भाव पुन्हा थोडा वर सरकला. एक लाख मेगावॉटचा टप्पा देशाने जानेवारी २०२५ मध्ये ओलांडला.

या घसरगुंडीत रीवाचा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथलं ऊन काही निराळं नव्हतं. फरक कागदात होता. जमीन आणि तारा आधी तयार ठेवल्या, वीजकंपनीने पैसे थकवले तर राज्य सरकार भरेल अशी हमी दिली, आणि दिल्ली मेट्रोसारखं वेळेवर बिल भरणारं गिऱ्हाईक जोडलं. डेव्हलपरची भीती कमी झाली तसा त्याने भाव कमी केला. याची उलटी बाजू आंध्र प्रदेशात दिसली. २०१९ मध्ये तिथे सरकार बदललं आणि नव्या सरकारने झालेल्या करारांचे दर पुन्हा ठरवायचं काढलं. डेव्हलपर न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करार कायम ठेवले. पण मधल्या तीन वर्षांत देशभरातल्या बँकांनी आंध्रचं नाव घेतलं की भुवया उंचावायला सुरुवात केली होती.

मोठ्या सौर उद्यानांपैकी गुजरातमधलं पाटण जिल्ह्यातलं चारणका २०१२ चं, या सगळ्यांत थोरलं. भडला वाळवंटातलं. कच्छच्या रणात खावडा इथे तर तीस हजार मेगावॉटची आखणी आहे, सातशेहून अधिक चौरस किलोमीटर जागेवर. वाळवंट म्हणजे रिकामी जागा, हे मात्र मुंबई-दिल्लीच्या नकाशातलंच सत्य. जैसलमेरकडे ‘ओरण’ म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराऊ रानं आहेत, आपल्या देवराईची मरुभूमीतली बहीण म्हणा. देगराय ओरणातून वीजवाहिन्या गेल्या तेव्हा तिथले पशुपालक रस्त्यावर उतरले. त्याच रानात माळढोक आहे, समोरच्या तारा न दिसणारा जड पक्षी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या, २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून समिती नेमली. आपल्या सोलापूर-नान्नजच्या अभयारण्यात हा पक्षी आता क्वचितच दिसतो, त्यामुळे हा वाद आपल्याला दूरचा वाटतो. तो तसा नाही.

मराठी वाचकाने नीट बघावं असं उद्यान कर्नाटकात आहे. तुमकूर जिल्ह्यातलं पावगड. इथला भूगोल आपल्या माण-खटाव-जतसारखा: कमी पाऊस, भुईमूग, शेळ्या-मेंढ्या, कामासाठी बेंगळुरूची वाट. पाच गावांतली तेरा हजार एकर जमीन २,०५० मेगावॉटसाठी घेतली. पण विकत नाही, भाड्याने. जमिनीच्या कागदावर नाव शेतकऱ्याचंच राहिलं. राज्य सरकार आणि केंद्रीय सौर ऊर्जा महामंडळ यांच्या संयुक्त कंपनीने शेतकऱ्यांशी भाडेपट्टे केले आणि मग डेव्हलपरना तुकडे वाटून दिले. भाडं एकरी वर्षाला २१ हजार रुपये, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. पैसे थेट खात्यात. पावगडला यशाची गोष्ट म्हणतात ते यासाठी, आणि जमीनमालकापुरती ती यशाचीच आहे. दुष्काळात पाच एकर कोरडवाहू रान जे देत नव्हतं ते आता न चुकता येतं.

पण ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्याचं काय? त्या शेतांत भुईमूग उपटणारी, निंदणी करणारी बाई मजुरीला मुकली. भाडं मालकाला मिळालं, तिला काही नाही. कुंपण पडलं तसे मेंढरांचे चरायचे रस्ते तुटले आणि धनगरांनी कळप विकून टाकले. बांधकामाच्या दीड-दोन वर्षांत हाताला भरपूर काम होतं. प्रकल्प सुरू झाल्यावर उरलं ते रखवालीचं, गवत काढायचं आणि प्लेटा धुवायचं. ज्याची जमीन जास्त त्याला भाडं जास्त, त्यामुळे गावातली जुनी उतरंड मोडली तर नाहीच, उलट पक्की झाली. भाड्याच्या वाढीचाही हिशेब करून बघण्यासारखा आहे. दोन वर्षांनी पाच टक्के म्हणजे चोवीस वर्षांनी २१ हजारांचे साडेसदतीस हजार. तेव्हा त्याचं काय येईल?

महाराष्ट्राची सुरुवात साक्रीपासून धरता येते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा प्रकल्प सुरू केला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर. त्या वेळी देशातल्या मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होती. याच जिल्ह्यात, दोंडाईचाजवळच्या विखरण गावात, वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीने महाराष्ट्राला हादरवलं. जमीन संपादन सुरू झालं औष्णिक वीज केंद्रासाठी, पुढे तिथे सौर प्रकल्पाची आखणी झाली. धर्मा पाटील या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याचं म्हणणं होतं की, शेजाऱ्याच्या मानाने आपल्याला मोबदला फारच कमी मिळाला. ऑफिसांचे उंबरे झिजवून झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. सौर ऊर्जा स्वच्छ आहे, हे वाक्य मी त्यानंतर कधी सहजपणे लिहू शकलो नाही. वीज स्वच्छ असते. मोजणी, मूल्यांकन आणि फेरफार स्वच्छ असतातच असं नाही.

धर्मा पाटलांनी विष घेतलं त्याच्या सहा-सात महिने आधी, जून २०१७ मध्ये, राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली होती. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून तिची सुरुवात झाली. कल्पना साधी आहे आणि माझ्या मते देशातल्या चांगल्या कल्पनांपैकी एक. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. त्यांना आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री-फेज वीज मिळत आली आहे. ज्याने थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरली आहेत, पायाजवळ सळसळ ऐकली आहे, किंवा जुन्नर-नगरकडच्या उसात बिबट्याचे डोळे चमकलेले पाहिले आहेत, त्याला दिवसाची वीज म्हणजे काय हे सांगायला नको. शेतीचे फिडर गावठाणापासून वेगळे करायचे, सबस्टेशनजवळ पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे सौर प्रकल्प लावायचे आणि तीच वीज त्याच फिडरवर दिवसा सोडायची. लांबच्या मोठ्या वाहिन्या नकोत, वाटेतली गळती कमी. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. मार्च २०२४ मध्ये नऊ हजार मेगावॉटची कामं तीन रुपयांच्या आसपासच्या दराने दिली गेली. धोंदलगावासह पहिल्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला झालं. पाचांची मिळून क्षमता एकोणीस मेगावॉट. नऊ हजार आणि एकोणीस, या दोन आकड्यांमधल्या अंतरात डेव्हलपरची सगळी कसोटी असते.

ते अंतर जमिनीचं आहे. कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, सवलतींच्या वाटा आहेत पण त्या तहसील-प्रांत कचेऱ्यांतून जातात. सातबारावर तीन पिढ्यांच्या वारसांची नावं, आणेवारी न झालेले हिस्से, सोसायटीचा बोजा, कुठे इनामी वर्ग दोनची जमीन, कुठे पाणंद अडवलेली. म्हणून योजनेने भाडेपट्ट्याचा रस्ता धरला: खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, दरवर्षी तीन टक्के वाढ. पावगडच्या दुपटीहून जास्त. जिरायत सोयाबीनचा एकर खर्च वजा जाता एवढे हातात ठेवत नाही, हे शेतकऱ्याला चांगलं माहीत आहे. तीन टक्क्यांनी चोवीस वाढी झाल्या की पन्नास हजारांचे एक लाख होतात. महागाई पाच टक्के धरली तर तोवर एक लाख साठ हजार व्हायला हवेत. तरी हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. यजमान ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात.

दुसरा रस्ता सरकारी जमिनीचा, आणि तो जवळपास फुकट आहे: नाममात्र भाडं. जिल्हाधिकाऱ्यांनी यादी केली की त्यात पहिलं नाव येतं गायरानाचं. मराठवाड्यात गायरानं कसणारी भूमिहीन कुटुंबं, बहुसंख्य दलित, दोन-तीन पिढ्यांची आहेत. ती जमीन आपल्या नावावर व्हावी ही त्यांची मागणी दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासूनची. कागदावर ते ‘अतिक्रमणधारक’. ज्याचा सातबारा आहे त्याला एकरी पन्नास हजार, आणि ज्याने खडकाळ गायरान खांद्यावर दगड वाहून लागवडीखाली आणलं त्याला नोटीस. योजनेत मला दिसणारं हे सगळ्यात मोठं वैगुण्य आहे. शिवाय सौर प्रकल्पाला पर्यावरण आघात मूल्यमापनाची सक्ती नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. छतावरच्या चार प्लेटांना ही सूट शोभते. शंभर एकर गायरानाला कुंपण घालताना ती शोभत नाही. कसणाऱ्याची नोंद करून भाड्यातला काही वाटा त्याला आणि काही गावच्या वैरणीला देणं अवघड नाही. वर केलेल्या हिशेबात जमिनीचा वाटा शंभरात चार होता. तो सहा झाला तर एकही डेव्हलपर बुडणार नाही.

शेतकऱ्यानेच डेव्हलपर का होऊ नये, असं कुणी विचारेल. केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘अ’ भागात तेच अपेक्षित होतं: आपल्या पडीक रानात पाचशे किलोवॉट ते दोन मेगावॉटचा प्रकल्प शेतकऱ्याने किंवा त्यांच्या गटाने लावायचा. ती वाट फार चालली नाही. कारण वरच्या हिशेबात आहे. चार कोटींच्या प्रकल्पाला एक कोटी स्वतःचे आणि तीन कोटींचं कर्ज कोणत्या बँकेने कोणत्या कोरडवाहू शेतकऱ्याला दिलं असतं? ज्या राज्यात साखर कारखान्यासाठी शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केलं त्या राज्यात सहकारी सौर प्रकल्प रुजू नयेत, याची मला खंत वाटते. कारखान्यांचं पुढे जे झालं ते आठवलं की ती खंत थोडी कमी होते.

प्लेटांखाली शेती करण्याचे प्रयोगही चालू आहेत. परभणीत कृषी विद्यापीठाच्या सहभागाने तो झाला आहे. प्लेटा उंच बसवायच्या आणि खाली सावली मानवणारी पिकं घ्यायची. लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो, त्यामुळे तीन रुपयांच्या लिलावात हे बसत नाही. सध्या तरी प्लेटांखाली बिनखर्चाने येणारं एकमेव पीक म्हणजे गाजरगवत.

पुढची अडचण संध्याकाळची आहे. दुपारी बारा ते तीन इतकी सौर वीज तयार होऊ लागली आहे की ती घ्यायला तारा पुरत नाहीत. २०२५ मध्ये राजस्थानातल्या अनेक प्रकल्पांना भर उन्हात उत्पादन कमी करायला सांगावं लागलं. आणि सात वाजता घराघरांत दिवे लागले की तीच वीज नसते. म्हणून नव्या निविदांत प्लेटांबरोबर बॅटरीही मागू लागले आहेत. या बाबतीत मोटारींवर चालणारी आपली शेती उपयोगी पडते. पंप हे असं गिऱ्हाईक आहे की ते दुपारची वीज दुपारीच पिऊन टाकतं आणि विहिरीचं पाणी शेततळ्यात साठवतं. बॅटरीचं काम शेततळं करतं.

प्लेटांचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरतात, उत्पादन दरवर्षी अर्ध्या-पाऊण टक्क्याने घटत जातं. त्यानंतर काच, ॲल्युमिनियम आणि थोडं शिसं उरतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटा घातल्या आहेत, पण जबाबदारी टाकली आहे ती प्लेटा बनवणाऱ्यावर. खांबाखालच्या काँक्रीटबद्दल ते नियम काही बोलत नाहीत. मेगावॉटमागे असे शेकडो खड्डे असतात. करार संपेल तेव्हा ज्या छोट्या कंपनीने सही केली होती ती कुणाच्या हातात असेल, असेल की नसेल, कोण सांगणार?

तेव्हा बांधावर माणूस आला तर त्याला हाकलून देऊ नका, त्याचा प्रकल्प तुमच्या कामाचा आहे. चहा पाजा आणि कागद मागा. भाडेपट्टा मराठीत आणि नोंदणीकृत असू द्या. करार नेमका कोणत्या कंपनीशी होतो आहे, आणि ती विकली गेली तर नवा मालक त्याच अटींनी बांधला जाईल का, हे बघा. भाडं वर्षाच्या सुरुवातीला मिळणार की शेवटी, प्लेटा धुवायचं पाणी कुणाच्या विहिरीचं, शेजाऱ्याची वाट कुंपणातून कशी जाणार, हे लिहून घ्या. तुमच्या जमिनीवर त्यांना कर्ज काढता येणार नाही, असं कलम मागा. आणि शेवटच्या वर्षी खांब आणि काँक्रीट उपटून रान पूर्ववत करण्याचा खर्च कुणाचा, व त्यासाठी आत्तापासून किती रक्कम बाजूला ठेवली आहे, ते सही करण्याआधी विचारा.